‘असतील तर’ खोडताना

कॉलर माइक लावून देण्याचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. स्टेजच्या मागे अरुंद जागा, पायात वायरी, एकमेकांना चिकटून उभी माणसं. सर आले, जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले. आतल्या टी-शर्टवर चित्र होतं. नवरी नवरदेवाचा पाय धरून त्याला फरफटत नेते आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘गेम ओव्हर’. टी-शर्टला कॉलर नव्हती, म्हणून मी क्लिप गळ्याच्या पट्टीला लावली. चित्राच्या वर जेमतेम चार बोटं. चित्र मला दिसलं होतं. त्याआधी कॅन्टीनमध्येही पाच-सहा वेळा दिसलं होतं. मी फक्त म्हटलं, “सर, एक-दोन-तीन बोला, आवाज बघून घेऊ.”

कार्यक्रम नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरांच्या स्वागताचा होता. अडतीस जण, त्यांत तेरा मुली. घरच्यांना बघता यावा म्हणून त्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. सर आमच्या विभागाचे प्रमुख. या अडतीस जणांची शेवटची मुलाखत त्यांनीच घेतली होती. ते वीस मिनिटं बोलले आणि फार चांगलं बोलले. कंट्रोल सिस्टिममध्ये चूक झाली तर ती लपवू नका, पहिल्या मिनिटाला सांगा, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मग एकेकाला स्टेजवर बोलावून ओळखपत्र दिलं.

त्यातल्या एका मुलीने संध्याकाळी स्वतःचा ओळखपत्र घेतानाचा फोटो टाकला आणि खाली तीन वाक्यं लिहिली. आज मी नोकरीला लागले. ज्यांनी माझी निवड केली त्यांच्या छातीवर हे चित्र होतं. यातून मी काय समजायचं?

रात्रीपर्यंत तो फोटो आमच्या कंपनीच्या बाहेर कुठच्या कुठे गेला. पहिले काही तास लोक सरांवर तुटून पडले. मग दुसरी लाट आली: विनोद कळत नाही का, माणसाचं काम बघा, एवढ्या मोठ्या माणसाला एका टी-शर्टसाठी सुळावर चढवता का. आणि पहाटेच्या सुमाराला तिसरी. त्याच फोटोत ती मुलगी बिनबाह्यांच्या कुर्त्यात होती. कुणीतरी तिच्या दंडाभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, आधी स्वतःचे कपडे बघ. पुढचे दोन दिवस सर बाजूला पडले आणि चर्चा तिच्या दंडावर आली. तिला ज्या भाषेत निरोप आले ते मी समितीच्या कामासाठी वाचले. ते इथे लिहिणार नाही.

हो, समिती नेमली गेली. पाच जण: एचआरचे प्रमुख, कंपनीचे कायदा सल्लागार, अकाउंट्सच्या एक मॅडम, सॉफ्टवेअरमधला एक तरुण मुलगा आणि मी. मुदत पंधरा दिवस. पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की माइक मी लावला होता, चित्र मी पाहिलं होतं, तेव्हा मी या समितीत असावं का हे तुम्ही ठरवा. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “कॅन्टीनमध्ये आम्हीही पाहिलाय तो टी-शर्ट. मग समितीत बसायला उरेल कोण?”

मला २०१४ सालचा १२ नोव्हेंबर आठवत होता. त्या दिवशी आम्ही सगळे हातातली कामं सोडून युरोपीय अंतराळ संस्थेचं प्रक्षेपण बघत होतो. दहा वर्षांच्या प्रवासानंतर रोझेटा यानातून सुटलेलं फिले हे छोटं यान ६७पी या धूमकेतूवर उतरलं. धूमकेतूवर असं उतरणं पहिल्यांदाच घडत होतं. त्या मोहिमेचे प्रकल्प वैज्ञानिक मॅट टेलर कॅमेऱ्यासमोर आले तेव्हा त्यांच्या अंगात तोकड्या कपड्यांतल्या बायकांची चित्रं छापलेला रंगीबेरंगी शर्ट होता. जगभरातल्या कितीतरी स्त्री-वैज्ञानिकांनी विचारलं, हा शर्ट बघून मुलींनी या क्षेत्राबद्दल काय समजायचं? मला तेव्हा वाटलं होतं, एवढं काय त्यात, माणूस धूमकेतूवर यंत्र उतरवतोय. ज्यांनी हरकत घेतली त्या बायकांना पुढे शिव्या आणि धमक्या आल्या, तेही मी वाचलं आणि विसरून गेले. आता समितीच्या फाइलसाठी ते सगळं पुन्हा काढलं, तर आमच्याकडच्या तीन दिवसांचा क्रम त्यात जसाच्या तसा होता.

दुसऱ्या बैठकीला एचआरने पोशाख नियमावलीचा मसुदा आणला. अडीच पानं. मी पेन्सिल घेऊन मोजायला बसले. बाह्यांची लांबी, गळ्याची खोली, कुर्त्याची उंची, लेगिंग्ज कशावर चालतील, ओढणी कधी हवी, कापड किती पारदर्शक असलं तर चालणार नाही, टाचा, दागिन्यांचा आवाज. बायकांच्या कपड्यांवर एकोणीस ओळी. पुरुषांवर तीन: शर्ट खोचलेला, बूट बंद, बिनकॉलरचा टी-शर्ट नको.

मी विचारलं, “हेच चित्र उद्या कॉलरच्या टी-शर्टवर असलं तर?”

एचआरप्रमुखांनी मसुदा खाली-वर चाळला. चाललं असतं. सगळं पेटलं ते ज्या चित्रावरून, त्याच्याबद्दल अडीच पानांत एक शब्द नव्हता. आणि ही नियमावली त्या दिवशी लागू असती तर नोटीस त्या मुलीलाही गेली असती, बिनबाह्यांच्या कुर्त्यासाठी.

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. तक्रार होती कपडा समोरच्याला काय सांगतो याबद्दल. समितीच्या टेबलावर येईपर्यंत तिचं रूपांतर अंग किती झाकलंय याच्यात झालं होतं. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. एचआरप्रमुख सज्जन माणूस आहेत. त्यांनी चार ठिकाणच्या नियमावल्या गोळा करून हा मसुदा बांधला होता आणि त्या सगळ्याच अशा होत्या. ‘अयोग्य कपडे’ हे दोन शब्द ऐकले की आपला हात आपोआप बाईच्या बाहीकडे जातो.

सॉफ्टवेअरच्या मुलाने हरकत घेतली. पुरुषांनाही नियमांचा काच असतो, म्हणाला. त्याने न्यूझीलंडचं उदाहरण दिलं. २०२१च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेत राविरी वाइतीती या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, खासदारांनी टाय बांधला नव्हता, गळ्यात आपल्या समाजाचं पारंपरिक पदक घातलं होतं, म्हणून सभापतींनी त्यांना सभागृहाबाहेर काढलं. खरं आहे, आणि तो अपमान एका माणसाचाच नव्हता, एका समाजाचा होता. पण मी त्याला पुढचंही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी टायची सक्ती गेली. त्याच्या शेजारी मी लंडनची गोष्ट ठेवली. डिसेंबर २०१५मध्ये निकोला थॉर्प तात्पुरत्या रिसेप्शनिस्ट म्हणून कामावर गेल्या. उंच टाचांचे बूट घालायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बिनपगारी घरी पाठवलं. कामावर बायकांना अशा टाचांची सक्ती करणं बेकायदा ठरवा, या त्यांच्या मागणीवर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. जानेवारी २०१७मध्ये संसदेच्या समित्यांचा अहवाल आला, मार्चमध्ये चर्चा झाली आणि सरकारने सांगितलं की आहे तो कायदा पुरेसा आहे, बदलायची गरज नाही. टायसाठी एक दिवस लागला. टाचांसाठी सव्वा वर्ष घालवूनही कायदा तसाच राहिला. मुलगा गप्प झाला. चांगला मुलगा आहे, पुढच्या बैठकीला तो स्वतःच आणखी उदाहरणं शोधून आला.

त्यात जनरल मोटर्सचं होतं. मेरी बारा तिथल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना कंपनीची पोशाख नियमावली दहा पानांची होती. त्यांनी ती दोन शब्दांवर आणली, ‘योग्य पोशाख करा’ एवढ्या अर्थाच्या. विरोध त्यांच्याच खात्यातून झाला. एका वरिष्ठ व्यवस्थापकाने तक्रार केली की माझ्या माणसांना कधीकधी अचानक सरकारी अधिकाऱ्यांना भेटावं लागतं, नियम नीट हवा. बारांनी त्याला सांगितलं, तुमच्या माणसांशीच बोला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. उत्तर सापडलं होतं: चांगली पँट ऑफिसच्या कपाटात ठेवायची. मला हा किस्सा फार आवडला. एचआरप्रमुखांना तो पटला नाही. “दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक विभागप्रमुख आपापला लावेल,” ते म्हणाले. यात तथ्य होतं. आमचे विभागप्रमुख कोण, तर सर.

त्या मुलीशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं ती चिडलेली असेल, नाहीतर घाबरलेली. दोन्ही नव्हतं. ती थकली होती. “मॅडम, मला त्यांना शिक्षा वगैरे नको आहे,” ती म्हणाली. “सर वाईट नाहीयेत. पण इंटरव्ह्यूत त्यांनी मला विचारलं होतं, लग्नाचा काय विचार आहे? म्हणजे आम्ही शिकवायचं आणि तुम्ही दोन वर्षांत निघून जायचं, असं नको. मी हसले. ‘नाही सर, सध्या तरी नाही,’ म्हटलं. त्या दिवशी स्टेजवर तो टी-शर्ट बघितला आणि मला माझं ते हसणं आठवलं.”

मी तिथून उठून थेट रेकॉर्डरूममध्ये गेले. सतरा वर्षं या कंपनीत आहे, सात वर्षं मुलाखतींच्या पॅनेलवर. जुने फॉर्म काढले. शेरा लिहायच्या रकान्यात ‘लग्न ठरलेलं नाही’ किंवा ‘सध्या विचार नाही’ असं माझ्या अक्षरात अकरा फॉर्मवर सापडलं. अकराही मुलींचे. मुलांच्या एकाही फॉर्मवर तो शेरा नव्हता. मी स्वतः रुजू झाले तेव्हा मला हाच प्रश्न विचारला होता आणि मीही हसूनच उत्तर दिलं होतं. त्या खोलीत मी बराच वेळ फॉर्म मांडीवर घेऊन बसले. समितीला ते अकरा फॉर्म दाखवले. दाखवायलाच हवे होते.

दरम्यान कंपनीचं निवेदन तयार होत होतं. जनसंपर्क विभागाचा पहिला मसुदा असा: ‘आमच्या एका सहकाऱ्याच्या पोशाखामुळे कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर त्याबद्दल आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.’

हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं, म्हणून ते वाचताना थांबायला होत नाही. मी त्यावर एक अख्खी दुपार थांबले. ‘दुखावल्या गेल्या’, पण दुखावणारा कोण? तो वाक्यात नाहीच, पोशाख आहे. ‘कुणाच्या’, जिने लिहिलं तिला नाव आहे, ती याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसते. ‘भावना’, तिने भावनांचा शब्दही काढला नव्हता. तिने तिच्या निवडीबद्दल साधा प्रश्न विचारला होता. आणि ‘असतील तर’. झालंय का नाही ते आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही म्हणता म्हणून. हे दोन शब्द त्या वाक्यातला सगळा कबुलीजबाब परत घेतात.

‘दिलगिरी’ या शब्दाबद्दलही माझं भांडण झालं. लिफ्ट बंद असली की आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. बैठक अर्धा तास पुढे ढकलली तरी दिलगिरी व्यक्त करतो. ती व्यक्त केली की संपते, समोर कुणी असावं लागत नाही. माफी मागावी लागते. मागायची म्हणजे देणारं कुणीतरी समोर असतं आणि ते ‘नाही’ही म्हणू शकतं. कायदा सल्लागारांना माफी हा शब्द नको होता, कारण त्यात चूक मान्य केल्यासारखं होतं. मी म्हटलं, “हो ना, म्हणूनच.”

शेवटी ठरलं की कंपनीचं निवेदन वेगळं आणि सरांनी आपलं वेगळं बोलावं, स्वतःच्या शब्दांत. त्यांना भेटायला मी गेले. याच माणसाने मला काम शिकवलं. माझ्या पहिल्या मोठ्या चुकीच्या वेळी वरिष्ठांसमोर माझ्या बाजूने उभे राहिले ते हेच. केबिनमध्ये गेल्यावर दहा मिनिटं आम्ही कुठल्यातरी बिघडलेल्या सेन्सरबद्दल बोललो.

मग ते म्हणाले, “तो टी-शर्ट मला बायकोने दिला होता. तिला त्यात काही वाटलं नाही.” मॅट टेलर यांचा शर्टसुद्धा त्यांच्या एका मैत्रिणीनेच वाढदिवसाला शिवून दिला होता. मी सरांना म्हटलं, तुमच्या दोघांमधली थट्टा तुमच्या दोघांची आहे. वहिनी तुम्हाला ओळखतात, तुम्ही त्यांना. त्या तेरा मुली तुम्हाला एवढंच ओळखतात की तुम्ही त्यांना निवडलंत आणि पुढेही बढती देणार की नाही ते तुम्हीच ठरवणार.

“म्हणजे माझं पंचवीस वर्षांचं काम एका टी-शर्टपुढे काहीच नाही?”

याचं उत्तर मला सोपं गेलं नाही. मी म्हटलं, “काम आहे म्हणून तर एवढा राग आला, सर. रस्त्यावरच्या माणसाने हाच टी-शर्ट घातला असता तर त्या मुलीने मान वळवून पाहिलंही नसतं.”

मग मी त्यांना ते अकरा फॉर्म दाखवले, माझे. तुमचं काय, असं मी विचारलं नाही. ते फॉर्म एकेक करून पाहत राहिले. निघताना मी त्यांना टेलर यांच्या माफीचं सांगितलं. धूमकेतूच्या घटनेनंतर दोन दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले की मी मोठी चूक केली, मी अनेकांना दुखावलं, मला त्याचं फार वाईट वाटतं. बोलताना रडले. त्यावरही वाद झाला: एवढ्या मोठ्या माणसाला रडवलं म्हणून. मी मात्र या वेळी वाक्यांकडे पाहिलं. वाक्यांचा कर्ता ते स्वतः होते, आणि ‘जर-तर’ कुठे नव्हतं.

सरांचा पहिला कागद दुसऱ्या दिवशी आला, पेन्सिलने लिहिलेला. त्यात ‘असतील तर’ होतं. दुसऱ्यात ‘माझ्याकडून अनवधानाने’ आलं. अनवधान कसलं, टी-शर्ट आपोआप अंगात शिरला नव्हता. ते त्यांनीच खोडलं, मला बोलावं लागलं नाही. तिसऱ्यात टी-शर्टचं वाक्य सरळ झालं. चौथ्या कागदाला चार दिवस लागले, कारण त्यात मुलाखतीचं वाक्य होतं. कायदा सल्लागारांनी त्यांना भेटून सांगितलं की हे लिहू नका, हे कुणी विचारलेलंही नाही. सरांनी ते ठेवलं.

चौदाव्या दिवशी त्याच हॉलमध्ये, कॅमेरे न लावता, अडतीस जणांसमोर त्यांनी वाचलं: “त्या दिवशी मी घातलेला टी-शर्ट चुकीचा होता. ज्यांची निवड मी करतो त्यांच्यासमोर मी तो घालून उभा राहिलो, ही माझी चूक आहे. मुलाखतीत मी मुलींना लग्नाबद्दल विचारत आलो, मुलांना कधी विचारलं नाही. तीही माझी चूक आहे. मी तुमची माफी मागतो.” कागद हातात थोडा हलत होता. मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. पुढच्या रांगेतली ती मुलगी स्वस्थ बसून राहिली, म्हणून बाकीचेही थांबले. तिने माफ केलं का, मला माहीत नाही. विचारण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

नियमावली शेवटी पाच ओळींची झाली. यंत्राजवळ सैल कपडे, लोंबते दागिने आणि उघडे बूट नकोत, हा सुरक्षेचा नियम पहिला आणि सगळ्यांना सारखा. कपड्यावरचं चित्र किंवा मजकूर कुठल्याही गटाची थट्टा किंवा अवहेलना करणारा नसावा, हा दुसरा. बाहेरच्या लोकांसमोर जाताना काय घालावं ते त्या-त्या गटाने आधी बोलून ठरवावं, हा तिसरा. कपड्यांबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर एकांतात सांगावं, चारचौघांत किंवा फोटोखाली नाही, हा चौथा. पाचवा तक्रार कुणाकडे करायची याचा.

व्यवस्थापनाकडून तो कागद परत आला तेव्हा त्यात सहावी ओळ होती: ‘महिला कर्मचाऱ्यांनी शालीन पोशाख करावा.’ शालीन हा सुंदर शब्द आहे, पण पुरुषाच्या शर्टाला तो लावलेला मी आजवर ऐकलेला नाही. अकाउंट्सच्या मॅडम आणि मी भिन्नमतपत्रिका जोडली. सॉफ्टवेअरच्या मुलानेही सही केली. ओळ निघाली. तिच्या जागी ‘बाह्यांबाबत विभागप्रमुख निर्णय घेतील’ असं काहीतरी आलं आणि ते राहिलं. तेवढं आम्ही हरलो आणि त्याची खंत मला आहे. मुलाखतीच्या फॉर्मवर मात्र आता छापील प्रश्न आहेत आणि शेऱ्याचा तो रकाना गेला.

परवा कॅन्टीनमध्ये रांगेत माझ्या पुढे सर्व्हिस विभागाचा एक मुलगा उभा होता. अंगात तोच टी-शर्ट, तीच नवरी, तेच ‘गेम ओव्हर’. दुपारी ग्राहकाकडची माणसं येणार होती आणि त्यांच्याबरोबर हाच जाणार होता. काय बोलायचं हे मी मनात जुळवलेलं नव्हतं. रांग थोडी पुढे सरकली. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, “दोन मिनिटं बाहेर येतोस का? तुझ्याशी बोलायचं आहे.”